पाळी गेल्यानंतर मेंदूच्या संरक्षणासाठी हॉर्मोन घ्यावे का?

पत्र, संक्षेपाने : माझे वय ५३ आहे. पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली. अंगातून गरम वाफा निघतात आणि रात्री घामामुळे झोप मोडते. दोनदा तपासलेला रक्तदाब १४४/९२ च्या आसपास आला, तेव्हा ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगण्यात आले. गेल्या वर्षी आईला वयाच्या ७४ व्या वर्षी मेंदूचा झटका आला. रक्ताच्या गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली होती. मेंदूतले इस्ट्रोजेनचे ग्राही झटक्याच्या वेळी पेशींना वाचवतात आणि पाळी गेल्यावर हे संरक्षण ओसरते, असे नुकतेच वाचले. मग मी हॉर्मोनची गोळी सुरू करावी का? आईला ती आता देता येईल का? माझी धाकटी बहीण ४७ वर्षांची आहे. साध्या गाठींमुळे तिचे गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोष ४१ व्या वर्षी काढावे लागले आणि ती कोणतेही हॉर्मोन घेत नाही. तिला धोका आहे का? सोयाबीनच्या अर्काच्या कॅप्सूल त्याऐवजी चालतील का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण वाचले ते खोटे नाही, पण ती अर्धीच हकिकत आहे आणि आपला निर्णय उरलेल्या अर्ध्या भागावर अवलंबून आहे. म्हणून उत्तर आधी देते आणि कारणे मग मांडते. केवळ मेंदूचा झटका टळावा या हेतूने आपण हॉर्मोन सुरू करू नये. गरम वाफांसाठी ते घ्यायचे की नाही, हा वेगळा आणि पूर्णपणे रास्त प्रश्न आहे. आईंना ते देऊ नये. बहिणीची स्थिती मात्र आपल्यापेक्षा निराळी आहे आणि तिने तज्ज्ञाची भेट लांबवू नये. कॅप्सूलबद्दल शेवटी दोन वाक्ये पुरतील.

प्रजननक्षम वयात शरीरात सर्वांत प्रभावी असलेले इस्ट्रोजेन म्हणजे इस्ट्राडायॉल. ते रक्तातून जवळजवळ सर्वत्र पोहोचते, परंतु त्याचा संदेश ओळखणारे ग्राही ज्या पेशींत असतात त्याच पेशी त्याला खऱ्या अर्थाने प्रतिसाद देतात. असा ग्राही अस्तित्वात आहे हे शिकागो येथील एल्वुड जेन्सन यांच्या प्रयोगांतून १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आले आणि त्यानंतर बराच काळ तो एकच आहे असे धरले गेले. १९९६ मध्ये स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसॉन यांच्या गटाने दुसरा ग्राही शोधला, तेव्हापासून पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हणतात. हे दोन्ही मुख्यतः पेशीकेंद्रकात काम करतात, म्हणजे कोणती जनुके चालू आणि कोणती बंद राहतील यावर प्रभाव टाकतात, आणि या कामाला तास किंवा दिवस लागतात. पेशीच्या पटलांशी निगडित असलेला तिसरा ग्राही काही मिनिटांतच संदेश पुढे पाठवतो. मेंदूत हे तिन्ही आढळतात, आणि तेही केवळ चेतापेशींत नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींत, दाह घडवून आणणाऱ्या पेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातसुद्धा.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक प्रयोगशाळांनी प्राण्यांच्या मेंदूतील मुख्य धमनी बंद करून कृत्रिम झटका घडवला आणि एक गोष्ट वारंवार पाहिली. मादीच्या मेंदूचे नुकसान नरापेक्षा कमी होते. बीजांडकोष काढले की हा फरक नाहीसा होतो. आणि झटक्यापूर्वीच इस्ट्राडायॉल दिले तर संरक्षण परत येते. अमेरिकेतील फिलिस वाइज यांच्या गटाने २००१ मध्ये पुढचा प्रश्न विचारला, तो असा की हे संरक्षण नेमक्या कोणत्या ग्राहीमार्फत मिळते. अल्फा ग्राहीचे जनुक नसलेल्या उंदरांत इस्ट्राडायॉलचा काहीच उपयोग झाला नाही, तर बीटा ग्राही नसलेल्या उंदरांत संरक्षण टिकून राहिले. यावरून सगळे श्रेय अल्फाचे असे वाटेल; पण एका धमनीऐवजी संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवण्याच्या प्रयोगांत स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या नाजूक पेशी वाचवण्यात बीटा आणि तिसरा ग्राही यांचाही वाटा दिसून आला. इजा कोणत्या प्रकारची आणि मेंदूच्या कोणत्या भागात, यावर उत्तर बदलते.

संरक्षण कसे होते, हा या विषयाचा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि लेख वाचून आपल्याला आशा वाटली यात मला नवल वाटत नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या गाभ्यातल्या पेशी काही मिनिटांतच मरतात आणि तिथे कोणताही ग्राही फारसे काही करू शकत नाही. पण त्या गाभ्याभोवती अर्धपोटी राहिलेल्या पेशींचे एक वलय असते. तिथल्या पेशी पुढचे काही तास, कधी काही दिवस, जगण्यामरण्याच्या सीमेवर असतात. अल्फा ग्राही या पेशींत बीसीएल-२ सारख्या प्रथिनांचे प्रमाण टिकवतो, जी पेशीचा स्वतःला संपवण्याचा कार्यक्रम रोखून धरतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात हाच ग्राही नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देतो, त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि बाजूच्या वाटांनी थोडे अधिक रक्त पोहोचू शकते. दाह घडवणाऱ्या पेशींचा अतिरेकही ग्राहींमार्फत आटोक्यात राहतो. याहून विलक्षण गोष्ट अशी की इस्ट्राडायॉल बीजांडकोषांतूनच यावे लागते असे नाही: ॲरोमॅटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनपासून मेंदूतच इस्ट्राडायॉल बनवते, स्त्रियांत आणि पुरुषांतही, आणि इजा झाल्यावर चेतापेशींभोवतीच्या आधार पेशी हे विकर नव्याने तयार करू लागतात. उंदरांच्या ज्या माद्यांत ॲरोमॅटेजचे जनुकच नव्हते त्यांच्या मेंदूचे नुकसान अधिक झाले. त्यामुळे पाळी गेली म्हणजे मेंदू एका दिवसात उघडा पडला, ही लेखातून होणारी समजूत अतिशयोक्त आहे.

आता उरलेली अर्धी हकिकत. वरील बहुतेक प्रयोग तरुण, निरोगी, प्रयोगशाळेत वाढलेल्या प्राण्यांवर झाले. त्यांना ना उच्च रक्तदाब होता, ना मधुमेह, ना कठीण झालेल्या धमन्या; हॉर्मोन बहुधा झटक्याच्या आधीपासून सुरू होते आणि बीजांडकोष काढल्यानंतर फार काळ लोटू न देता दिले गेले होते. माणसांवरील चाचण्यांची परिस्थिती जवळजवळ उलटी होती. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात ५० ते ७९ वयोगटातील स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हॉर्मोन) एकत्र देण्याच्या विभागात १६,६०८ स्त्रिया होत्या, आणि तो २००२ मध्ये ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण २१ होते, ते हॉर्मोन घेणाऱ्यांत २९ झाले. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन देण्याचा विभाग २००४ मध्ये थांबला; तिथेही दर १०,००० मागे वर्षाला सुमारे १२ झटके अधिक होते. उंदरांत नुकसान कमी करणारे हॉर्मोन माणसांत झटक्यांची संख्या वाढवत होते, आणि ही विसंगती समजून घेतल्याशिवाय आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पटणार नाही.

या विसंगतीचे पहिले कारण यकृत आहे. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथल्या पेशींतही इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत. गोळीतल्या हॉर्मोनचा मोठा डोस प्रथम तिथे पोहोचल्यामुळे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन वाढते. प्राण्यांच्या प्रयोगात धमनी शस्त्रक्रियेने बंद केली जाते, म्हणून गुठळी होण्याची शक्यता वाढते की घटते हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. प्रयोग फक्त बंद पडल्यानंतरचे नुकसान मोजतो. माणसात मात्र मुळात धमनी बंद पडेल की नाही हेच महत्त्वाचे असते. लोकांसमोर ग्राहींची बातमी मांडताना हा फरक जवळजवळ नेहमी गाळला जातो, आणि माझ्या मते सगळ्या गैरसमजाचे मूळ तिथेच आहे.

दुसरे कारण काळाचे आहे. वाइज यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवले की बीजांडकोष काढल्यानंतर लगेच इस्ट्राडायॉल दिले तर उंदरांच्या मेंदूचे संरक्षण होते, पण दहा आठवडे इस्ट्रोजेनविना घालवल्यानंतर तोच डोस निरुपयोगी ठरतो आणि दाहही कमी होत नाही. २०११ मध्ये दुसऱ्या एका गटाने यामागची एक यंत्रणा उलगडली: इस्ट्रोजेनचा अभाव लांबला की हिप्पोकॅम्पसमधील अल्फा ग्राहीवर नष्ट करण्याची खूण लागते आणि पेशीची स्वच्छता करणारी यंत्रणा त्याला मोडून टाकते. पाहुणा फार दिवस फिरकला नाही म्हणून घराने दारच बुजवून टाकावे, तसा हा प्रकार आहे. धमन्यांच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. निरोगी अस्तराला इस्ट्रोजेन लाभदायक ठरते, पण चरबीचे थर साचलेल्या जुन्या धमनीत तेच हॉर्मोन ते थर अस्थिर करू शकते. म्हणूनच आज हॉर्मोनचा विचार करताना वय ६० च्या आत आहे का आणि पाळी बंद होऊन १० वर्षे झाली नाहीत ना, हे पाहिले जाते. मात्र यातून ‘लवकर घेतले तर झटका टळतो’ असा निष्कर्ष काढू नये. लवकर सुरू केल्यास धोका कमी असतो, एवढेच म्हणता येते. मेंदूच्या झटक्यापासून संरक्षण मिळते, हे माणसांवरील कोणत्याही मोठ्या चाचणीने सिद्ध केलेले नाही.

मग फक्त मेंदूच्या ग्राहींना उद्देशून औषध का बनवू नये, असा प्रश्न आपल्या मनात येईल. काही ऊतींत इस्ट्रोजेनसारखी आणि काहींत त्याच्या विरुद्ध वागणारी औषधे आहेतच. त्यांपैकी रॅलॉक्सिफेनची चाचणी हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,१०१ स्त्रियांवर झाली आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा प्राणघातक झटक्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक निघाले. एकूणच, मेंदूच्या पेशी वाचवणाऱ्या औषधांचा इतिहास निराशाजनक आहे: २००६ मध्ये घेतलेल्या एका आढाव्यात तीव्र झटक्यासाठी प्रयोगात वापरलेल्या १,०२६ उपायांची नोंद होती, आणि त्यांतल्या पेशी-संरक्षक औषधांपैकी एकही जगभरात रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात स्थिरावले नाही.

आईंच्या बाबतीत तर थेट उत्तरच उपलब्ध आहे. नुकताच झटका किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ६६४ स्त्रियांना, ज्यांचे सरासरी वय ७१ होते, रोज १ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल किंवा निष्क्रिय गोळी देण्याची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले नाही आणि प्राणघातक झटके इस्ट्राडायॉल घेणाऱ्यांत जवळजवळ तिप्पट आढळले. आईंचे खरे संरक्षण गुठळी रोखणारे औषध, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवरील नियमित उपचार आणि हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता नाही ना याची तपासणी यांत आहे. यांपैकी एखादे औषध बरे वाटते म्हणून बंद झालेले नाही ना, हे मात्र जरूर पाहावे.

आता आपल्याविषयी. गरम वाफा आणि मोडणारी झोप हे हॉर्मोन घेण्याचे योग्य आणि मान्य कारण आहे. आपले वय आणि पाळी बंद होऊन झालेला काळ दोन्ही अनुकूल आहेत. अडचण रक्तदाबाची आहे, आणि आपण तो पत्रात ओझरता उल्लेखला असला तरी माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या झटक्यांचा जवळजवळ ९० टक्के धोका दहा बदलता येण्याजोग्या घटकांशी जोडता आला आणि त्यांत उच्च रक्तदाबाचा वाटा एकट्याचाच सुमारे निम्मा होता. ग्राहींबद्दल आपण जितका विचार केला त्याच्या दशांश विचार रक्तदाबाचा केला, तरी झटका टाळण्याच्या दृष्टीने अधिक लाभ होईल, हे थोडे परखडपणे सांगते. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून प्रत्येक वेळी दोनदा रक्तदाब मोजावा आणि लिहून ठेवावा. घरच्या मापांची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली, तर ‘लक्ष ठेवणे’ पुरेसे नाही आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा लागेल. आईंना झटका ७४ व्या वर्षी आला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी असली तरी ६५ च्या आत आलेल्या झटक्याइतके आनुवंशिक वजन तिला नाही.

रक्तदाब आटोक्यात आल्यावर हॉर्मोन घेण्याचे ठरले, तर त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल यांबद्दल विचारावे. या मार्गाने इस्ट्राडायॉल थेट रक्तात जाते, यकृतावरचा पहिला मोठा मारा टळतो. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारित २०१० च्या एका अभ्यासात ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेची पट्टी वापरणाऱ्यांत झटक्याचा धोका वाढलेला दिसला नाही, पण त्याहून अधिक मात्रेच्या पट्ट्यांत तो जवळजवळ दुप्पट होता आणि गोळी घेणाऱ्यांतही वाढलेला होता. ही निरीक्षणे आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे. तरीही यकृताच्या यंत्रणेशी ती सुसंगत असल्याने अनेक तज्ज्ञ पट्टीला पसंती देतात. आपले गर्भाशय शाबूत असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही घ्यावे लागेल, अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. पूर्वी कधी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी होत असेल किंवा आपण धूम्रपान करत असाल, तर ते आधीच सांगावे. हॉर्मोन नको असे ठरले, तरी गरम वाफांसाठी हॉर्मोनविरहित औषधेही आहेत.

बहिणीच्या बाबतीत मी उलट्या बाजूने आग्रह धरेन. नैसर्गिकरीत्या पाळी साधारण ५१ व्या वर्षाच्या आसपास बंद होते. तिचे इस्ट्रोजेन दहा वर्षे आधी, आणि तेही एका दिवसात, थांबले. वयाच्या ४२ व्या वर्षाआधी पाळी गेलेल्या स्त्रियांत गुठळीमुळे होणाऱ्या झटक्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासात २००९ मध्ये दिसले. हृदयविकार आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोकाही अशा स्त्रियांत वाढतो. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीच्या आत बीजांडकोष काढले असतील आणि कर्करोगासारखा अडथळा नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावे, अशी सर्वसाधारण वैद्यकीय शिफारस आहे. इथे हॉर्मोन म्हणजे वयाबाहेरची भर नसते. जे शरीरात असायलाच हवे होते त्याची ती भरपाई असते. वर सांगितलेल्या मोठ्या चाचण्यांचे आकडे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे असल्याने ते तिला जसेच्या तसे लागू करणे चूक ठरेल. तिचे गर्भाशय काढलेले असल्यामुळे तिला प्रोजेस्टेरॉनची गरज बहुधा पडणार नाही, आणि नुसते इस्ट्रोजेन देण्याच्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले नव्हते, ही तिच्या बाजूची गोष्ट आहे. मात्र मधली सहा वर्षे हॉर्मोनविना गेली आहेत. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हाडांची घनता तपासून, बहुधा कमी मात्रेच्या पट्टीने सुरुवात करायची का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाने ठरवावे. शस्त्रक्रियेचा आणि गाठीच्या तपासणीचा जुना अहवाल तिने सोबत न्यावा, कारण त्या गाठी कोणत्या होत्या यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन, म्हणजे इस्ट्रोजेनशी साम्य असलेली वनस्पतिजन्य द्रव्ये, अल्फापेक्षा बीटा ग्राहीला अधिक घट्ट चिकटतात आणि इस्ट्राडायॉलच्या तुलनेत फार दुबळे असतात. त्यांच्या कॅप्सूलने मेंदूचा झटका टळतो असा पुरावा माणसांत मिळालेला नाही. त्या आपण वा बहिणीने हॉर्मोनऐवजी किंवा रक्तदाबाच्या औषधाऐवजी घेऊ नयेत, आणि घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

चेहरा अचानक वाकडा होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही आईंना पुन्हा, किंवा घरात कोणालाही झाले, तर लक्षण सुरू झाल्याची वेळ घड्याळात पाहून ताबडतोब रुग्णालय गाठावे; गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि लक्षणे आपोआप ओसरली तरीही जाणे टाळू नये.